दहाची वेळ नऊला कशी सरकली: घड्याळाचे बदलते नियम आणि सॉफ्टवेअर

आमच्या गावात मार्च लागला की दोन वेळा सरकतात. ऊन तापलं की शाळा सकाळची होते, आणि शेजारच्या काकाजींच्या पोराचा न्यू जर्सीहून येणारा फोन तासभर आधी यायला लागतो. शाळेचं कुणाला नवल नाही. फोनचं मात्र दरवर्षी नव्यानं वाटतं. पोरगा दर रविवारी त्याच्या सकाळी नऊला, म्हणजे आपल्या संध्याकाळी साडेसातला फोन करतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तोच फोन साडेसहाला वाजतो. तेव्हा काकाजी वावरात असतात आणि फोन घरी, खुंटीला टांगलेल्या पिशवीत.

"काहून गा, त्यायच्या तिकडचं घड्याळ दरसाली बिघडते का?" त्यांनी मला विचारलं. मी गावात बसून परदेशातल्या लोकांसाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे रिचार्ज, आधारचं केवायसी आणि अमेरिकेचं घड्याळ ही तिन्ही खाती आपसूक माझ्याकडे आलेली आहेत.

घड्याळ बिघडत नाही, ते मुद्दाम हलवतात. उन्हाळ्यात काटे एक तास पुढे, हिवाळ्यात परत मागे, असा तिकडे कायदाच आहे. त्याला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात, थोडक्यात डीएसटी. आपण हेच काम दुसऱ्या बाजूनं करतो. उन्हाच्या आत शाळा सुटावी म्हणून आपण घंटेची वेळ बदलतो, घड्याळाला हात लावत नाही. ते घंटेला हात लावत नाहीत, सगळ्या देशाचं घड्याळच ढकलतात. शाळा नऊचीच राहते, पण नऊ लवकर वाजतात.

हे त्यांना परवडतं, कारण त्यांचा दिवस रबरासारखा ताणला जातो. आपल्या भागात जूनमधला मोठा दिवस आणि डिसेंबरमधला छोटा दिवस यात फरक साधारण अडीच तासांचा. लंडनला तोच फरक पावणेनऊ तासांच्या घरात जातो. उन्हाळ्यात पहाटे चारच्या पुढेमागे उजाडतं आणि लोक झोपलेले, हा उजेड वाया जातो, ही विल्यम विलेट या इंग्रज माणसाची १९०७ सालची तक्रार. प्रत्यक्षात देशभर पहिल्यांदा काटे हलवले ते जर्मनीनं, ३० एप्रिल १९१६ला, महायुद्धात कोळसा वाचावा म्हणून. त्यातून खरंच काही वाचतं की नाही, यावर शंभर वर्षं वाद चालू आहे. मी त्यात पडत नाही. माझं पोट त्या वादावर चालत नाही, त्या वादातून निघणाऱ्या आदेशांवर चालतं.

कारण सॉफ्टवेअरला खरा त्रास काटे हलण्याचा नाही. काटे दरवर्षी एकाच दिवशी हलले असते, तर कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी चार ओळी लिहून हा विषय मिटवला असता. त्रास आहे तो काटे कधी हलवायचे हा नियमच बदलत राहतो याचा. नियम निसर्गाचा नाही, सरकारचा आहे. अमेरिकेत आधी एप्रिलचा पहिला रविवार ते ऑक्टोबरचा शेवटचा रविवार असा डीएसटी होता. २००५ साली कायदा झाला आणि २००७पासून तो मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार झाला. मध्ये दीड-दोन वर्षं होती, तरी त्या मार्चमध्ये कितीतरी कचेऱ्यांत मीटिंगच्या वेळा तासानं चुकल्या. आणि दीड-दोन वर्षांची सूचना ही चैन समजायची. मोरोक्कोनं २०१८ साली काटे मागे घ्यायच्या दोन दिवस आधी ठरवलं की आता मागे घ्यायचेच नाहीत, उन्हाळी वेळ बारमाही. फक्त रमझानच्या महिन्यात एक तास मागे. म्हणजे तिथला नियम आता चंद्राला बांधलेला.

लेबनॉनचा किस्सा तर सांगण्यासारखा आहे. २०२३च्या मार्चमध्ये २५ तारखेच्या रात्री काटे पुढे जायचे होते. गुरुवारी, २३ तारखेला, सरकारनं जाहीर केलं की यंदा रमझान संपेपर्यंत थांबू. तिथल्या मॅरोनाइट चर्चनं आणि काही वाहिन्यांनी सांगितलं, आम्ही नाही थांबत. रविवारी उठल्यावर एकाच देशात, एकाच गल्लीत, दोन वेळा. नवऱ्याच्या कचेरीचे नऊ वेगळे, पोरांच्या शाळेचे नऊ वेगळे. फोनचंही तेच, ज्याला जो नियम पोचला तो त्यानं पाळला. सोमवारी सरकारनं माघार घेतली आणि बुधवारी रात्री काटे हलले. आपल्याकडे लग्नपत्रिकेवरच्या वेळेत आणि मंगलाष्टकांच्या वेळेत तासाचं अंतर असतंच, पण ते निदान सगळ्यांना माहीत असतं.

हे समजायला आमच्याकडच्या माणसाला परदेशात जावं लागत नाही. शेतीच्या फीडरला लाइन आठ तास, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री, आणि ते वेळापत्रक कधीही बदलतं. ज्यानं मोटरला टायमर बसवून 'रात्री दहा ते सहा' असं पक्कं करून ठेवलं, त्याची मोटर वेळापत्रक बदललं की कोरडी पडते. ज्यानं ऑटो बसवला त्याला चिंता नाही, लाइन आली की मोटर सुरू. सॉफ्टवेअरमध्ये पहिली चूक ही टायमरवाली असते. प्रोग्राम लिहिणारा आपल्या कोडमध्येच लिहून टाकतो, 'न्यू यॉर्क म्हणजे साडेदहा तास मागे'. हिवाळ्यात ते बरोबर असतं. उन्हाळ्यात साडेनऊ होतं. किंवा जरा हुशार असेल तर नियमही लिहितो, 'मार्चचा दुसरा रविवार'. तेही उद्याच्या कायद्यापर्यंतच बरोबर.

म्हणून नियम कोडमध्ये लिहायचा नाही, बाहेर ठेवायचा, आणि कोडनं दरवेळी तिथून विचारून घ्यायचं. ते 'बाहेर' म्हणजे एक फाइल. खरं तर मूठभर फाइली, पण आपण एकच म्हणू. जगातल्या प्रत्येक भागाचं घड्याळ कधी, किती आणि कशानं हलवलं गेलं याची ती नोंदवही आहे. १९८०च्या दशकात आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी माणसानं ती सुरू केली, पुढे पॉल एगर्ट तिचे संपादक झाले, आणि २०११पासून इंटरनेटचे क्रमांक आणि नावं सांभाळणाऱ्या आयाना या संस्थेकडे ती आहे. वर्षातून काही वेळा नवी आवृत्ती निघते. २०२३ए, २०२३बी, २०२३सी अशी नावं. त्यातली बी लेबनॉन थांबला म्हणून निघाली, आणि सी लेबनॉननं माघार घेतली म्हणून, पाचच दिवसांत. तुमच्या फोनमध्ये, लॅपटॉपमध्ये, बँकेच्या सर्व्हरमध्ये बहुधा याच नोंदवहीची प्रत बसलेली असते. विंडोजनं आपली वेगळी वही ठेवली आहे, तो एक निराळा ताप.

फोनच्या सेटिंगमध्ये टाइम झोन बघा, बऱ्याच ठिकाणी 'एशिया/कोलकाता' लिहिलेलं दिसेल. लोक विचारतात, आपण अमरावती जिल्ह्यातले, कोलकाता कुठून आलं? या वहीचा रिवाज असा की १९७०पासून ज्या भागांची घड्याळं सारखी चालली त्यांचा एकच गट करायचा आणि त्याला तिथल्या मोठ्या शहराचं नाव द्यायचं. देशाचं नाव देत नाहीत, कारण देश तुटतात, जुळतात, नाव बदलतात. शहर सहसा जागेवर राहतं. खुद्द कोलकात्याचं कलकत्त्यावरून नाव बदललं, तर जुनं नावही चालू ठेवलं आहे, जुन्या प्रोग्रामांची अडचण नको म्हणून.

आता ती कोलकात्याची नोंद उघडून बघू, कारण आपला समज असतो की भारताचं आपलं सरळ, साडेपाच तास, विषय संपला. नोंदीची पहिली ओळ सांगते ५ तास ५३ मिनिटं २८ सेकंद. ही कोलकात्याच्या डोक्यावरच्या सूर्याची वेळ, ग्रीनिचच्या तुलनेत. पुढे मद्रासच्या वेळेचा काळ, ५ तास २१ मिनिटं १० सेकंद. मग १ जानेवारी १९०६पासून साडेपाच तास. ही वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेषेची. वरुड-मोर्शीकडे सूर्य तिच्यापेक्षा सुमारे सतरा मिनिटं मागे असतो, म्हणून आमच्याकडे सावली पायाखाली येते ती बाराला नाही, सव्वाबाराच्या पुढेमागे. गडचिरोलीला उजाडल्यावर बुलढाण्याला उजाडायला पंधरा मिनिटं लागतात, घड्याळ मात्र दोघांचं एक.

आणि त्याच नोंदीत पुढे एक ओळ येते जी वाचून मी पहिल्यांदा चमकलो होतो. साडेपाच अधिक एक, म्हणजे साडेसहा तास. १९४२च्या सप्टेंबरपासून १५ ऑक्टोबर १९४५पर्यंत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारनं भारताचं घड्याळ एक तास पुढे ढकललं होतं. म्हणजे डीएसटी आपल्याकडेही लागला होता. मी हे शोधून काढलं म्हणून खूश झालो आणि गावच्या जोशीबुवांना सांगायला गेलो, तर ते म्हणाले, "त्यात काय नवीन? त्या सालातली पत्रिका असली की एक तास वजा करूनच मांडतो." ज्योतिष्यांना हे कायमचं माहीत आहे. खरं तर या नोंदवहीवर २०११ साली अमेरिकेत जो दावा झाला, तोही ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका कंपनीनंच केला होता. जुन्या वेळांची माहिती आमच्या पुस्तकातून घेतली म्हणून. काही महिन्यांत त्यांनी तो मागे घेतला. जन्मवेळेची किंमत कुंडलीवाल्याइतकी कुणाला कळणार?

त्या ५ तास ५३ मिनिटांनी आमच्या धंद्यात अनेकांना रडवलं आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या एका जुन्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, टाइम झोन चुकीच्या रीतीनं जोडला, तर ती नोंदीची पहिली ओळ उचलते. मग तुमची पावती साडेपाचऐवजी ५.५३च्या हिशोबानं निघते, तेवीस मिनिटं इकडे-तिकडे. नवा माणूस दोन दिवस सर्व्हरचं घड्याळ तपासत बसतो. कुठल्याही भारतीय पोरानं 'तेवीस मिनिटांचा फरक येतो' म्हटलं की मी न बघता सांगतो, तू एकोणिसाव्या शतकातल्या कलकत्त्यात आहेस.

आता येतो तो भाग जिथे शिकलेसवरलेले लोकही चुकतात. मीही चुकलो, ते पुढे सांगतो.

संगणकाच्या पोटात वेळ बहुधा एका सलग मोजणीनं ठेवलेली असते. १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, एवढंच. ती मध्यरात्र ग्रीनिचची, म्हणजे यूटीसी या जगाच्या सामायिक वेळेची. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. एखाद्या बिघडलेल्या फोनमध्ये फोटोची तारीख '१ जानेवारी १९७०, ५:३०' अशी दिसते ती यामुळेच. तिथे खरी मोजणी शून्य आहे. ही मोजणी कुणाच्या कायद्यानं हलत नाही. म्हणून आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी मंत्र देतात: सगळं यूटीसीत साठव, दाखवताना त्या-त्या गावाच्या वेळेत बदल.

मंत्र अर्धाच खरा आहे. घडून गेलेल्या गोष्टीला तो चोख लागू पडतो. पैसे खात्यातून किती वाजता गेले, दुधाचं कॅन संकलन केंद्रावर कधी मोजलं, लाइन कधी गेली. ते क्षण होऊन गेले. उद्या कुठल्याही सरकारनं कुठलाही आदेश काढला तरी ते क्षण बदलत नाहीत.

जन्मतारखेला हा मंत्र लावला तर भलतंच होतं. जन्मतारीख हा क्षण नाही, तो वहीतला एक दिवस आहे. आमच्या पिढीत गावात निम्म्या लोकांची जन्मतारीख १ जुलै, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती लिहिली. कुणी प्रोग्रामरनं ती '१ जुलै, रात्री बारा' धरून यूटीसीत टाकली, तर ती होते ३० जून, संध्याकाळी साडेसहा. मग कुठल्यातरी अहवालात नुसती तारीख छापली की माणूस एक दिवस आधी जन्मतो आणि कागद जुळत नाही म्हणून खिडकीवरून परत येतो. १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची तर आणखी गंमत. एका सॉफ्टवेअरनं युद्धकाळातला तो एक तास धरला आणि दुसऱ्यानं नाही धरला, तर रात्री बाराचे अकरा होतात, आणि तारीख पुन्हा आदल्या दिवशी. उपाय सोपा आहे: तारीख ही तारीख म्हणूनच ठेवा, तिला वेळ चिकटवू नका.

आणि तिसरी, पुढची ठरलेली गोष्ट. इथे मंत्र उलटतो. ते सांगण्याआधी मधला एक गुंता उरकून घेऊ, म्हणजे दुहेरी तासाचा.

काटे पुढे जातात त्या रात्री अमेरिकेत १ वाजून ५९ मिनिटांनंतर थेट ३ वाजतात. अडीच वाजतच नाहीत. नोव्हेंबरमध्ये मागे येतात तेव्हा एक ते दोनचा तास दोनदा येतो, म्हणजे दीड दोनदा वाजतात. हे इंग्रजी पुस्तकात पानभर समजावलेलं असतं. पंचांग बघणाऱ्या घरात एका वाक्यात कळतं: एकीकडे क्षय तिथी, दुसरीकडे वृद्धी तिथी. तिथी क्षय झाली की ती कॅलेंडरच्या चौकटीत दिसतच नाही, वृद्धी झाली की लागोपाठ दोन दिवस तीच तिथी. २०२३ साली तर अख्खा श्रावण दोनदा आला आणि आपण त्यांना अधिक आणि निज अशी वेगळी नावं देऊन मोकळे झालो. नुसतं 'श्रावणातला सोमवार' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आलाच असता, कोणत्या? पायथनवाल्यांनी २०१६ साली हेच केलं. दोनदा येणाऱ्या वेळेला 'फोल्ड' नावाची एक खूण जोडली, पहिल्या दीडला शून्य, दुसऱ्याला एक. अधिक दीड आणि निज दीड म्हणा.

ज्याच्या हातात सर्व्हरची रात्रीची कामं असतात त्यानं एवढं लक्षात ठेवावं की त्या देशाच्या वेळेनं रात्री एक ते तीनमध्ये काही लावू नये. अडीचला लावलेलं काम एका रात्री होणारच नाही, आणि दीडला लावलेलं दुसऱ्या एका रात्री दोनदा होईल. ते काम पगार जमा करण्याचं असेल तर दोनदा झाल्याचं कुणी सांगायला येत नाही. ऑस्ट्रेलियाजवळच्या लॉर्ड हाउ बेटावर काटे अर्धाच तास हलतात, तेव्हा 'डीएसटी म्हणजे एक तास' हेही कोडमध्ये गृहीत धरू नये. सामोआ देशानं २०११ साली ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच गाळला, २९ नंतर ३१. तो क्षय दिवस.

तर आता माझी चूक.

मेक्सिकोतल्या दातांच्या दवाखान्यांसाठी आम्ही तिघं मिळून एक अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. दाताला तारा लावलेली पोरं, सहा महिन्यांनी येणारे तपासणीवाले. रिसेप्शनवरची बाई पुढची वेळ देते, पेशंटच्या कार्डावर पेनानं लिहिते आणि कंप्युटरमध्ये टाकते. आम्ही मंत्राप्रमाणे सगळं यूटीसीत साठवत होतो, आणि मला त्याचा अभिमानही होता.

ऑक्टोबर २०२२च्या सुरुवातीला एका पोराला वेळ दिली: ३ एप्रिल २०२३, सोमवार, सकाळी १०. तेव्हाच्या नियमानं एप्रिलच्या पहिल्या रविवारी, म्हणजे २ तारखेला, मेक्सिको सिटीचे काटे पुढे जाणार होते आणि ती वेळ यूटीसीच्या ५ तास मागे असणार होती. आमच्या सॉफ्टवेअरनं १० मध्ये ५ मिळवले आणि १५ लिहून ठेवले. बरोबरच होतं. मग २८ ऑक्टोबरला मेक्सिकोचा कायदा प्रसिद्ध झाला: डीएसटी बंद, ३० तारखेपासून लागू, उत्तर सीमेवरची काही शहरं सोडून. त्याच दिवशी नोंदवहीची २०२२एफ आवृत्ती निघाली. आमच्या सर्व्हरनं ती शहाण्या मुलासारखी घेतली. आता त्याच्या मते एप्रिलमध्ये मेक्सिको सिटी ६ तास मागे. पोटात लिहिलंय १५, वजा ६, उत्तर ९.

पाच महिने कुणाला काही दिसलं नाही. ईस्टरच्या आधीचा आठवडा, तिकडे शाळांना सुट्ट्या, म्हणून पोरांच्या वेळा नेमक्या त्याच आठवड्यात घेतलेल्या. आदल्या दिवशी सगळ्यांना मेसेज गेले: उद्या सकाळी ९. कार्डावर पेनानं लिहिलंय १०. कोणी कार्ड पाहिलं, कोणी मेसेज. निम्मे लोक बंद दाराबाहेर पोरं घेऊन उभे.

त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे साडेआठ. आमची त्या आठवड्यात रात्रीची लाइन होती, मी संत्र्याच्या बागेत ओलित करत होतो. एप्रिलात आंबिया बहाराला पाण्याचा ताण चालत नाही. एका हातात फावडं, एका हातात फोन, आणि पलीकडून स्पॅनिशमिश्रित इंग्रजी. शेतात रेंज एकाच धुऱ्यावर येते, तिथे उभं राहून मी पहिला अंदाज ठोकला की नवी नोंदवही चुकीची आली असणार, जुनी परत टाका. आमच्यातला एक ती टाकणारही होता. टाकली असती तर ९चे १० दिसले असते आणि सगळे खूश झाले असते, फक्त दवाखान्यातली भिंतीवरची घड्याळं सोडून बाकी सगळी वेळ एक तास खोटी चालली असती.

वही बरोबर होती. चूक आम्ही साठवलेल्या गोष्टीत होती. पेशंटला वचन काय दिलं होतं? 'यूटीसी १५' असं नव्हतं दिलं. 'तुझ्या गावात, तुझ्या भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजतील तेव्हा ये' असं दिलं होतं. तेव्हा साठवायला हवं होतं तेच: ३ एप्रिल, १० वाजता, आणि जागेचं नाव, अमेरिका/मेक्सिको सिटी. यूटीसीतला आकडा त्यातून काढायचा, हवा तर बाजूला लिहून ठेवायचा, पण पेन्सिलनं. नवी वही आली की खोडून परत काढायचा. पक्क्या शाईत राहते ती माणसानं बोललेली वेळ. मघाशी 'मंत्र उलटतो' म्हटलं ते हे. जागेच्या नावाऐवजी 'वजा ५ तास' असा नुसता आकडा लिहूनही चालत नाही, आकड्याला कायदा कळत नाही. आणि तीन अक्षरी नावं तर मुळीच नकोत. आयएसटी म्हणजे आपलं भारताचं, इस्राएलचंही, आयर्लंडचंही.

काकाजींच्या पोराचा फोन हीच गोष्ट आहे, फक्त दर आठवड्याची. त्याचं वचन 'माझ्या सकाळी नऊला' असं आहे, त्यामुळे आपल्या इथली वेळ हलणारच. वचन 'तुमच्या साडेसातला' असं असतं तर त्याच्याकडची हलली असती. परदेशी कंपनीसोबत रोजची मीटिंग ठरवताना हे आधी विचारावं, मीटिंग कुणाच्या घड्याळाला बांधली आहे. बहुतेक वेळा उत्तर 'त्यांच्या' असं असतं, आणि मार्च ते नोव्हेंबर आपल्या घरी चहाची वेळ बदलते.

दुरुस्ती मात्र वाटली तितकी सोपी निघाली नाही. पहिला विचार, एप्रिल ते ऑक्टोबरमधल्या सगळ्या वेळांत एक तास मिळवा. नशीब, मिळवण्याआधी यादी काढली. एक दवाखाना तिहुआनाचा, अगदी अमेरिकेच्या सीमेवरचा. तिथे डीएसटी चालूच राहिला होता, त्यांच्या वेळा मुळात बरोबर होत्या. त्यांना वगळलं. मग कायद्यानंतर नोंदवलेल्या वेळा नव्या नियमानं मोजलेल्या, त्याही बरोबर. त्यांनाही हात लावायचा नाही. म्हणजे फक्त कायद्याआधी नोंदवलेल्या. पण 'आधी' म्हणजे कधीच्या आधी? आमचे सर्व्हर दोन, आणि दुसऱ्यावर नवी वही आठवडाभरानं चढली होती. त्या मधल्या आठवड्यात कोणती वेळ कोणत्या सर्व्हरनं मोजली, याची नोंद आम्ही ठेवलीच नव्हती. तेव्हापासून प्रत्येक वेळेसोबत ती कोणत्या आवृत्तीनं मोजली तेही लिहून ठेवतो. एक छोटासा रकाना आहे, जागा काहीच घेत नाही.

दोन सर्व्हरांचं सोडा, हे फोनवर आणखी वाईट होतं. ब्राझीलनं २०१८ साली काटे हलवायची तारीख ऑक्टोबरवरून नोव्हेंबरवर ढकलली, तर कितीतरी लोकांचे फोन ऑक्टोबरमध्येच आपोआप पुढे गेले आणि लोक तासभर आधी कामावर पोचले. फोनमधली वही जुनी, कंपनीनं अपडेट देणं बंद केलेलं. एकाच लॅपटॉपवरही विंडोज किंवा लिनक्सची एक प्रत, जावा भाषेची दुसरी, डेटाबेसची तिसरी असू शकते, आणि तिघांची आवृत्ती वेगळी. नवा नियम आला की 'अपडेट केलं का?' एवढं विचारून भागत नाही, 'कुठे कुठे केलं?' हे विचारावं लागतं.

त्या मधल्या आठवड्यातल्या वेळा शेवटी कोणत्याच प्रोग्रामनं सुटल्या नाहीत. दवाखान्यांतल्या रिसेप्शनवरच्या बायकांनी एकेका पेशंटला फोन लावले आणि कार्ड वाचून दाखवायला सांगितलं. पेनानं लिहिलेलं तेवढं पक्कं होतं.

मी नंतर कधीतरी वहीतली मेक्सिकोची जुनी ओळ उघडून बघितली होती. प्रत्येक नियमापुढे तो कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, असे दोन रकाने असतात. नियम पुढे चालूच राहणार असेल तर दुसऱ्या रकान्यात साल नसतं, 'मॅक्स' एवढाच शब्द असतो. मेक्सिकोच्या ओळीत २००२पासून मॅक्स असं होतं, आता तिथे २०२२ आहे. अमेरिकेच्या ओळीत २००७पासून मॅक्स आहे. युरोपच्या ओळीतही मॅक्सच आहे, तिथल्या संसदेनं २०१९च्या मार्चमध्ये काटे हलवणं बंद करायच्या बाजूनं मत दिलं तरी.